माळ्यावरच्या पेटीतल्या स्लाइड आणि जुने फोटो डिजिटल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला चाकरमानी घरी येतात, माळा झाडला जातो, पेट्या उघडतात आणि लगेच आमच्याकडे विचारणा सुरू होते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या विषयावरच्या बहुतेक सूचना कोरड्या हवेच्या देशांत लिहिल्या गेल्या आहेत. तशी हवा आपल्या किनाऱ्यावर वर्षातले जेमतेम तीन-चार महिने असते, म्हणून काही उत्तरं इथल्यापुरती वेगळी आहेत.

१. आजोबांची पेटी सापडली. स्लाइड, निगेटिव्ह, फोटो सगळं एकत्र आहे. आधी काय करू?

आधी काहीही पुसू नका आणि क्रम मोडू नका. पेटी जशी उघडली तशीच मोबाइलवर टिपून ठेवा. कुठल्या पाकिटात काय होतं, डब्यावर काय लिहिलं होतं, हे सगळं त्यात यायला हवं. स्लाइडच्या (चौकटीत बसवलेल्या, प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्मच्या) डब्यावर पेन्सिलीने 'हर्णै, मे' एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा त्या छत्तीस चित्रांची तेवढीच नोंद उरलेली असते.

मग तीन ढीग करा: ठीक असलेलं, बुरशी लागलेलं, आणि ओलं, चिकटलेलं किंवा वास येणारं. बुरशीचा ढीग लगेच वेगळ्या डब्यात, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा. प्रत्येक पाकिटाला क्रमांक द्या.

स्कॅनरचा विचार यानंतर. फोटो कोरडे ठेवणं आणि घरातल्या वयस्क माणसाला दाखवून नावं लिहून घेणं, ही दोन कामं आधीची आहेत. कोरड्या ठेवलेल्या स्लाइडचं स्कॅनिंग पुढच्या वर्षी केलं तरी बिघडत नाही. नावांसाठी मात्र थांबता येत नाही (प्रश्न १२).

२. एकाच प्रसंगाची निगेटिव्हही आहे आणि फोटोही. स्कॅन कशाचं करायचं?

निगेटिव्हचं. कॅमेऱ्यात होती ती निगेटिव्ह. फोटो तिच्यावरून काढलेली प्रत असल्यामुळे त्यात तपशील कमी उरतो आणि कडाही थोड्या कापलेल्या असतात. स्लाइड मात्र स्वतःच मूळ असते. अपवाद दोन: निगेटिव्ह खराब झालेली असेल तेव्हा, आणि फोटो हाताने रंगवलेला असेल किंवा त्याच्या मागे काही लिहिलेलं असेल तेव्हा. दुसऱ्या प्रकारात दोन्ही स्कॅन करा, फोटोची मागची बाजूसुद्धा.

३. मोबाइलने फोटोचा फोटो काढला तर चालणार नाही का?

नातेवाइकांना दाखवायला, यादी करायला, नावं विचारायला उत्तम चालतो. कायमची प्रत म्हणून पुरत नाही. पडवीत सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरून काढा. गुगलचं फोटोस्कॅन हे अ‍ॅप एकाच फोटोचे अनेक कोनांतून फोटो घेऊन वरची चमक काढून टाकतं, ते चकचकीत फोटोंना उपयोगी पडतं.

स्लाइड टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून टिपायची असेल तर ती पडद्याला टेकवू नका. दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, नाहीतर पडद्याची जाळी चित्रात उतरते.

४. डीपीआय किती ठेवायचा? दुकानदार म्हणतो जितका जास्त तितकं चांगलं.

तसं नाही. डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा. मूळ वस्तूचा आकार पाहून तो ठरवा.

कागदावरच्या फोटोला ६०० पुरे. ४ × ६ इंचाचा फोटो ६०० ला स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, आणि त्या फोटोत याहून जास्त तपशील सहसा नसतोच. पासपोर्ट आकाराचा असेल तर १२००.

३५ मिमीच्या स्लाइडमधलं चित्र फक्त २४ × ३६ मिलिमीटर असतं, म्हणून तिथे ३००० ते ४००० लागतो. ४००० ला साधारण २१ मेगापिक्सेलचं चित्र होतं. जुन्या चौकोनी निगेटिव्हना २४०० पुरतो (प्रश्न १०).

आकडा 'ऑप्टिकल' आहे ना, हे विचारा. स्वस्त यंत्रांवर लिहिलेला मोठा आकडा पुष्कळदा संगणकाने फुगवलेला असतो. त्याने फाइल वाढते, तपशील वाढत नाही.

५. स्कॅनर विकत घ्यावा की स्टुडिओत द्यावं?

फक्त कागदावरचे फोटो असतील तर साधा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर घरी पुरतो, आणि घरातली कॉलेजातली मुलं हे काम छान करतात. स्लाइड-निगेटिव्हसाठी झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड हवा, एप्सनच्या व्ही६०० सारखा, किंवा फक्त फिल्मसाठी असलेला स्कॅनर. शंभरेक स्लाइडसाठी एवढा खर्च करू नये. दोन-तीन भावंडांच्या घरांतल्या पेट्या एकत्र येणार असतील तर विचार करावा. घरात चांगला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर लाइटपॅडवर (खालून उजेड देणाऱ्या पाटीवर) स्लाइड ठेवून टिपणं हाही उत्तम मार्ग आहे, फार वेगाने होतो.

बाहेर देताना आधी दहाच स्लाइड द्या. काम तिथेच होणार की मूळ माल मुंबईला जाणार, हे विचारा. मुंबईला जाणार असेल तर पावसाळ्यात पाठवू नका. क्रमांकाप्रमाणे परत मिळेल का आणि टिफ (तपशील न गमावता साठवलेली) फाइल देणार का, हेही आधी ठरवा. जेपेग वाटायला चांगली, पण दुरुस्ती करून पुन्हा पुन्हा साठवली की खराब होत जाते. मूळ प्रत टिफच असावी.

घरी स्कॅनर आणलात तर तोही आपल्या हवेत सांभाळावा लागतो, त्याच्या आतल्या आरशांवर आणि काचेवरही बुरशी धरते. काम नसताना प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा.

६. स्लाइडवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी आलंय. ओल्या फडक्याने पुसू का?

नको. कोकणातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच पुसण्याने होतं.

फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. बुरशीला तेच खाद्य. हवेतली आर्द्रता सतत ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याहून पुष्कळ वर असते. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून ओलं फडकं फिरवलं की जाळ्याबरोबर आजीचा चेहराही निघून येतो.

आधी बुरशी वाढायची थांबवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि लहानसा आर्द्रतामापक ठेवा, त्यात स्लाइड दोन-तीन आठवडे राहू द्या. काटा ३० ते ४० टक्क्यांत आला की पुरे. त्याहून खाली गेला तर फिल्म वाकते. सिलिका जेल केशरी दाण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात मुलं असताना नको. दाण्यांचा रंग उडाला की ते गरम करून पुन्हा वापरता येतात.

बुरशी कोरडी पडली की तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने हलकेच झाडा. तोंडाने फुंकर घालू नका, फुंकरीत ओल असते. तरीही डाग राहिला तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला जरासं लावून स्लाइडच्या चकचकीत बाजूने फिरवा. मंद दिसते ती चित्राची बाजू, तिला हात लावू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये उरलेलं पाणी असतं, ते इथे चालत नाही.

जिथे चित्रच खाल्लं गेलंय तिथे साफ करण्यासारखं काही उरलेलं नसतं. आहे तसं स्कॅन करा आणि दुरुस्ती संगणकावर करा. स्कॅनरमध्ये धूळ-ओरखडे घालवणारी इन्फ्रारेडची सोय असेल तर ती रंगीत फिल्मवर चांगली चालते. कृष्णधवल निगेटिव्हवर ती बंद ठेवा. चांदीचे कण तिला धूळच वाटतात आणि चित्र बिघडतं. कोडॅक्रोम (कोडॅकची एक जुनी रंगीत फिल्म) स्लाइडवरही तिचा भरवसा नाही.

डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला फोटोंच्या डब्यात घालू नका. गोळ्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक बिघडतं आणि पाला ओल आणतो. कसर आणि वाळवीसाठी पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवणं हाच उपाय.

७. हे काम वर्षातून कधी करावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. हवा त्यातल्या त्यात कोरडी, पेटी उघडायला निर्धास्त. मे महिन्यात माणसं घरी असतात म्हणून मोह होतो, पण तेव्हा किनाऱ्यावर हवा दमट असते. तो महिना नावं लिहून घ्यायला वापरा.

एसीच्या खोलीतून बाहेर आणलेला डबा लगेच उघडू नका, आतल्या थंड फिल्मवर दव धरतं. दोन-तीन तास तसाच बंद राहू द्या.

८. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. किंवा अल्बमच्या चिकट पानावरून निघत नाही.

काचेला चिकटलेला सुका फोटो ओढू नका. फोटोचा वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट टिपा. यासाठी स्वस्त पातळ स्कॅनरपेक्षा कॅमेरा बरा, कारण त्या स्कॅनरना काचेच्या जाडीएवढ्या अंतरावरचं धूसर दिसतं. दोन बाजूंनी ४५ अंशांत उजेड घ्या, पुढून नको.

चिकट पानांच्या अल्बममध्ये आधी वरचं प्लॅस्टिक उचलून पूर्ण पान स्कॅन करा, म्हणजे काही झालं तरी एक प्रत हाती राहते. मग दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढा. अडला की थांबा. आणि त्या अल्बममध्ये फोटो परत लावू नका.

९. घरात पुराचं पाणी शिरलं, अल्बम भिजले. आता काय वाचेल?

वेळेत हात लावलात तर पुष्कळ वाचतं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत शिरलं तेव्हा अनेकांनी ओले अल्बम उन्हात पसरले, आणि पानं एकमेकांना कायमची चिकटली. जोपर्यंत फोटो ओला आहे तोपर्यंत तो सुटतो. एकावर एक चिकटून वाळला की सुटत नाही.

त्यामुळे वाळवायची घाई नको. सुटे फोटो परातीत स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, चिखल आपोआप सुटू द्या, पाणी बदला, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. मग सावलीत, पंख्याच्या हवेशीर खोलीत, चित्राची बाजू वर ठेवून जुन्या सुती कापडावर पसरा, किंवा कडेला चिमटा लावून दोरीवर टांगा. स्लाइडची चौकट उघडून फिल्म बाहेर काढावी लागते. चौकटीवरचा मजकूर आधी लिहून घ्या. दोन काचांमधली स्लाइड तर उघडलीच पाहिजे.

घरात चिखल, वीज नाही, माणसं थकलेली, अशा वेळी हे सगळं दोन दिवसांत होणं अवघड असतं. पाण्यात ४८ तासांपेक्षा जास्त ठेवलं तर जिलेटिन सुटू लागतं. तेव्हा ओलेच फोटो मधेमधे बटरपेपर घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा आणि नातेवाइकांकडे जिथे वीज आहे तिथे फ्रीझरमध्ये ठेवून द्या. गोठलेले फोटो महिन्यांनी सवडीने थोडे थोडे सोडवता येतात. काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह (प्लेट) मात्र फ्रीझरमध्ये नको. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो धुवायला घेऊ नका, शाई वाहून जाते.

वादळात कौलं उडून पाऊस आत आला असेल तरी हेच करायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या घरांत तसंच झालं होतं.

१०. मोठ्या चौकोनी निगेटिव्ह आहेत. दुकानातल्या स्कॅनरमध्ये बसत नाहीत.

या बहुधा अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या, '१२०' नावाच्या रुंद फिल्मवरच्या, ६ × ६ सेंटिमीटरच्या. छोट्या फिल्म स्कॅनरची खाच ३५ मिमीची असते, तिथे त्या बसणारच नाहीत. कापून बसवू नका. झाकणात दिवा असलेल्या फ्लॅटबेडवर १२० च्या चौकटीत ठेवा. निगेटिव्ह थेट काचेवर टेकली तर इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं येतात, म्हणून चौकट हवी.

११. सगळ्या स्लाइड गुलाबी-लाल झाल्यात. रंग परत येतील का? आणि काही स्लाइड अजून नव्यासारख्या कशा?

रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांचे थर असतात आणि ते सारख्या वेगाने उडत नाहीत. निळसर थर आधी गेला की उरतो तो लालगुलाबी. कोडॅकच्याच जुन्या एक्टाक्रोम फिल्मवर हे हमखास दिसतं. कोडॅक्रोम अंधारात फार चांगली टिकते, तुमच्या नव्यासारख्या स्लाइड बहुधा त्याच असतील. पण प्रोजेक्टरच्या उजेडात तिचाही रंग लवकर उतरतो, त्यामुळे उत्साहाने सगळ्यांना भिंतीवर दाखवू नका.

स्कॅन करताना ४८ बिट (रंगांच्या जास्त छटा टिपणारा पर्याय) निवडा, म्हणजे रंग सावरायला वाव राहतो. बहुतेक स्कॅनरमध्ये रंग परत आणण्याची सोय असते. ती लावलेली एक प्रत आणि न लावलेली एक प्रत ठेवा. आंब्याच्या पानाचा हिरवा, चिऱ्याचा तांबडा आणि चुन्याचा पांढरा हे तिन्ही ओळखीचे वाटेपर्यंत सावरा. हे रंग आपल्याला डोळ्यांनी माहीत असतात.

१२. फोटोत कोण आहेत, कुठलं वर्ष, काहीच लिहिलेलं नाही. कसं शोधायचं?

यासाठी वेळ काढा. स्कॅन झालेला पण नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीसाठी कुणा परक्याचाच असतो.

फोटो मोबाइलवर मोठा करून आजीसमोर धरा आणि तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. 'हे कोण?' एवढंच विचारलं की 'आठवत नाही' येतं. 'हे कुणाच्या ओटीवर काढलंय?', 'ही साडी कुणाच्या लग्नातली?' असं विचारलं की माणसं बोलू लागतात. आत्या आणि मावशीला एकत्र बसवा, एक चुकली की दुसरी दुरुस्त करते.

'तात्या', 'माई', 'बापू' एवढंच लिहू नका, प्रत्येक घरात एक तात्या असतो. पूर्ण नाव, नातं, गाव आणि वाडी लिहा. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं हवीत. एकच नाव लिहिलं की दुसऱ्या घरातला तिचा धागा तुटतो.

वर्षासाठी आधी स्लाइडची चौकट पाहा, कोडॅकच्या चौकटींवर पुष्कळदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पण ती रोल धुतल्याची तारीख. मे मधला फोटो दिवाळीत धुतलेला असू शकतो. मग चित्रात शोधा. गाडीची पाटी एमएच ०८ किंवा एमएच ०७ असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. दुकानाच्या किंवा शाळेच्या पाटीवर 'जिल्हा सिंधुदुर्ग' असेल तर तो १ मे १९८१ नंतरचा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ पासून धावू लागली. विजेचा खांब, कौलांच्या जागी आलेला स्लॅब, पाळण्यातलं मूल, सगळं उपयोगी पडतं. लग्नाचा फोटो असेल तर पत्रिका शोधा.

फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा. बॉलपेन नको.

१३. स्कॅन उलटं झालंय का, हे कसं कळतं?

पाटीवरची अक्षरं, मनगटी घड्याळ आणि पदर बघा. आपल्याकडच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावर असतो, जानवंही डाव्या खांद्यावरून उजवीकडे येतं. सगळ्याच बायकांचा पदर उजवीकडे दिसला तर स्लाइड उलटी ठेवली होती.

१४. फाइलला नाव काय द्यावं? मराठीत चालेल का?

चालेल. वर्ष आधी, मग ठिकाण, मग प्रसंग, मग क्रमांक: '१९७४-०५-गुहागर-मुंज-०१२'. आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, नाहीतर क्रम बिघडू शकतो. जुन्या टीव्हीवर पेन ड्राइव्हमधली मराठी नावं चौकोन दिसतात, पण फाइल ठीक असते.

स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तारीख स्कॅनच्या दिवसाची पडते, म्हणून १९७४ ची मुंज मोबाइलमध्ये कालची दिसते. फोटोच्या माहितीत 'काढल्याची तारीख' बदला. नक्की नसेल तर त्या वर्षाची १ जानेवारी घाला आणि वर्णनात 'अंदाजे' असं लिहा.

१५. साठवायचं कुठे? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की फोटो खराब का होतो?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक हार्ड डिस्क गावच्या घरी, दुसरी मुंबई-पुण्याच्या भावंडाकडे, तिसरी प्रत क्लाउडवर. गुगलची मोफत जागा १५ जीबी आहे. ४००० डीपीआयच्या साध्या २४ बिट टिफ साधारण ६४ एमबीच्या होतात, ४८ बिटच्या त्याच्या दुप्पट. तेव्हा तिथे जेपेग ठेवा. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नाही. वर्षातून एकदा डिस्क उघडून पाहा.

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि आतली माहितीही काढून टाकतं. मूळ फाइल पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

१६. स्कॅन झालं. आता मूळ स्लाइड टाकून देऊ?

नाही. डिस्क बिघडते, खात्याचा पासवर्ड हरवतो, आणि उद्याचे स्कॅनर आजच्यापेक्षा चांगले असतील. मूळ माल कोरड्या डब्यात (प्रश्न ६) ठेवा. घर सामाईक असेल आणि पेटी कुणाकडे राहावी यावर बोलणी अडली असतील तर आधी सगळं स्कॅन करून प्रत्येक घरात पूर्ण संच द्या. मग पेटी जिथे सर्वांत कोरडी जागा आहे तिथे ठेवणं सोपं होतं.

१७. अ‍ॅपने पणजोबांचा फोटो रंगीत आणि स्वच्छ केला. तोच ठेवू?

तो वेगळा ठेवा आणि नावात 'अ‍ॅपने बदललेला' असं लिहा. धूसर चेहऱ्यात ही अ‍ॅप नवे डोळे, नवी जिवणी भरतात. तो चेहरा दिसायला छान असतो, पण पणजोबांचा नसतो. श्राद्धाला भिंतीवर लावायच्या फोटोत तर हे अजिबात करू नका.

१८. स्टुडिओवाला म्हणतो लग्नाच्या फोटोंचा हक्क त्याचा. खरं का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. तेव्हा तुम्ही खुशाल स्कॅन करा. नातेवाइकांचे फोटो फेसबुकवर टाकण्याआधी मात्र त्यांना विचारा.

१९. निगेटिव्हच्या डब्यातून आंबूस वास येतोय.

अ‍ॅसिटेट (एक प्रकारचं प्लॅस्टिक) फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो. उष्णता आणि दमटपणाने हे वाढतं, आणि निघणारं आम्ल शेजारच्या फिल्मलाही लागतं. प्रश्न ६ मधला घट्ट डबा इथे चालत नाही, कारण आम्ल आत कोंडतं. ही फिल्म बाकीच्यांपासून लांब, कागदी पाकिटात, हवा खेळेल अशी ठेवा. स्कॅनिंगच्या रांगेत तिला पहिली घ्या. एकदा आक्रसून वाकली की ती स्कॅनरमध्ये सपाट बसत नाही.

२०. एक रोल धुतलेलाच नाही. अजून धुता येईल?

डबी उघडून पाहू नका, उजेड लागला की संपलं. साधा रंगीत किंवा कृष्णधवल रोल अजून धुवून मिळतो, चित्रं फिकट येतील. कोडॅक्रोम असेल तर त्याची रंगीत धुलाई २०१० च्या अखेरीस जगभर बंद झाली. कृष्णधवल चित्र काढून देणाऱ्या थोड्या लॅब आहेत. पाठवण्याआधी डबीवरची अक्षरं टिपून लॅबला दाखवा, कुठली प्रक्रिया लागेल ते त्यावरूनच ठरतं.